रिश्टरचा आकडा सांगून झाला, आता भिंतींकडे या

प्रति,
मराठी वृत्तवाहिन्यांचे आणि दैनिकांचे संपादक

सप्रेम नमस्कार.

१० जुलै २०२४ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याआधी २१ मार्चला सकाळी सहा वाजून गेल्यावर, दहा-बारा मिनिटांच्या अंतराने दोन धक्के बसले होते. पहिला ४.५ चा, दुसरा ३.६ चा. नांदेड, परभणी, हिंगोली इथली माणसं दोन्ही वेळी लेकरंबाळं घेऊन रस्त्यावर आली. मी नांदेडला राहते. शाळेत भूगोल शिकवण्यात माझी सगळी नोकरी झाली आणि त्यातली सुरुवातीची वर्षं लातूरला गेली. म्हणून हे पत्र लिहिण्याचा मला थोडा हक्क आहे असं मी समजते.

तुम्ही बातमी दिली, आणि वेळेवर दिली. धक्का बसल्यावर माणूस पहिल्यांदा विचारतो की हा आपल्यालाच जाणवला का सगळ्यांना. त्याचं उत्तर तुमच्याकडून मिनिटांत मिळालं, त्याने धीर आला. पण त्यानंतर दिवसभर आम्ही काय पाहिलं? हलणारा पंखा. दुकानातल्या सीसीटीव्हीत लाल गोल काढलेली हलणारी बरणी. अंगणात उभ्या राहिलेल्या बायकांना विचारलेला एकच प्रश्न, ‘काय वाटलं तेव्हा?’ आणि खालच्या पट्टीवर, मोठ्या अक्षरांत, प्रश्नचिन्ह लावून, ‘किल्लारीची पुनरावृत्ती होणार?’

या शेवटच्या प्रश्नाबद्दल मला आधी बोलायचं आहे, कारण आमच्याकडे तो शब्द नुसता कानावर पडला तरी पोटात गोळा येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटं असताना, गणपती बोळवून लोक झोपले होते त्या रात्री, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं बसली. सरकारी हिशेबाने सुमारे आठ हजार माणसं गेली, काही नोंदींनुसार त्याहूनही जास्त. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही आमच्यासाठी नकाशावरची नावं नाहीत. आमच्या वर्गात त्या गावची मुलं होती. दिवाळीनंतर त्यातली काही आलीच नाहीत.

त्या भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. तीव्रतेचा आकडा एकाने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा साधारण बत्तीस पटीने वाढते. या हिशेबाने किल्लारीचा भूकंप हिंगोलीच्या धक्क्यापेक्षा सुमारे साडेतीनशे पट मोठा होता. ४.५ आणि ६.२ हे आकडे शेजारी ठेवले की ‘पावणेदोनचाच तर फरक’ असं वाटतं, आणि तुमचा प्रेक्षक तसंच समजतो. हे एक वाक्य पडद्यावर आलं असतं तर कितीतरी म्हाताऱ्या माणसांची ती रात्र बरी गेली असती.

त्याचबरोबर दुसऱ्या टोकाला जाऊन ‘घाबरण्याचं काही कारण नाही’ असं सांगून मोकळं होणंही मला मान्य नाही. त्याचं कारण १९९३ च्या आदल्या वर्षात आहे.

१९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारीला धक्क्यांमागून धक्के बसत होते. शंभरावर धक्क्यांची नोंद आहे. त्यातले बरेचसे लोकांना जाणवले आणि ऑक्टोबरमधला एक तर चांगलाच जोरदार होता. जमिनीतून गुरगुर ऐकू यायची, मग भांडी वाजायची. लोक बाहेर झोपत होते, आमचं काहीतरी करा म्हणून सांगत होते. तेव्हा बातम्या आल्या. शास्त्रज्ञ येऊन गेले. मग धक्के थांबले, थंडी पडली, रब्बीची कामं सुरू झाली, लोक परत माळवदाखाली, म्हणजे मातीच्या जड छताखाली, झोपायला गेले आणि बातमीही थांबली. वर्षभराने जे झालं ते झालं.

मी असं म्हणत नाही की तेव्हा कुणी भूकंपाची तारीख सांगायला हवी होती. तारीख आजही कुणाला सांगता येत नाही. लहान धक्क्यांची मालिका बहुतेक वेळा आपोआप विरून जाते. पालघर जिल्ह्यात डहाणू, तलासरी भागात २०१८ च्या नोव्हेंबरपासून धक्क्यांची रांग लागली, लोक थंडीत तंबूत झोपले, पण त्यातून मोठा भूकंप झाला नाही. तेव्हा किल्लारीत धक्के आले म्हणून हिंगोलीतही तेच होणार, असं कुणी म्हणत असेल तर तो अंदाज हवेतला आहे. पण १९९२ च्या त्या महिन्यांत एक गोष्ट करता येण्यासारखी होती आणि ती कुणाच्याच यादीत नव्हती. ती म्हणजे घरांकडे बघणं.

किल्लारीत माणसं कशाखाली गेली हे आता पुन्हा सांगायची वेळ आली आहे, कारण तुमच्या बातमीदारांपैकी बहुतेकांचा जन्म त्यानंतरचा असेल. आमच्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती दोन-अडीच फूट रुंद असतात. बाहेरून एक दगडी थर, आतून एक दगडी थर, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नसतोच. वर सागवानी खणांचं माळवद आणि त्यावर मातीचा फूट-दोन फूट जाडीचा थर. गळायला लागलं की पावसाळ्याच्या तोंडावर पांढरी माती आणून वर टाकायची, जुनी खाली काढायची नाही. असं बापजाद्यांपासून चालत आलेलं, त्यामुळे वजन दर पावसाळ्याला वाढतच गेलेलं. उन्हाळ्यात ही घरं गार असतात, म्हणून लोकांचा त्यांच्यावर जीव. पण जमीन आडवी हलली की भिंतीचे दोन थर एकमेकांना सोडतात, एक आत पडतो, एक बाहेर. कित्येक घरांत लाकडी खांब-तुळया उभ्या राहिल्या आणि भिंती आत झोपलेल्यांच्या अंगावर आल्या. ६.२ चा भूकंप जगात दरवर्षी कितीतरी ठिकाणी होतो आणि सगळीकडे एवढी माणसं मरत नाहीत. आमच्याकडे मेली ती या भिंतींखाली. वेळ पहाटेची होती आणि सगळे घरात होते.

त्या काळी मराठवाड्याच्या या भागाला भूकंपाच्या दृष्टीने सगळ्यांत सुरक्षित पट्ट्यात धरलं होतं. नकाशावर विभाग १. दख्खनचं पठार म्हणजे जुना, थंड झालेला, न हलणारा खडक असं आम्हीही मुलांना शिकवत होतो, पाठ्यपुस्तकात तसंच होतं. पुढे २००२ साली तो विभाग १ नकाशातूनच काढून टाकला गेला आणि किल्लारीचा परिसर विभाग ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात, गेला. तेरणा नदीवरच्या माकणीच्या धरणाचा १९९३ च्या भूकंपात हात होता की नाही यावर शास्त्रज्ञांत वाद झाला, अजूनही एकमत नाही. तो वाद होऊ द्या. घराची भिंत त्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबणारी नाही.

आता हिंगोलीकडे येते. मार्चच्या धक्क्यांनंतर प्रशासनाने एक आवाहन केलं होतं. ज्यांची घरं पत्र्याची आहेत आणि पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड ठेवले आहेत, त्यांनी ते दगड काढून घ्यावेत. त्या दिवशीच्या सगळ्या बातम्यांत, माझ्या मते, जीव वाचवणारं वाक्य हे एकच होतं. ते मला एका बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात सापडलं. वाहिन्यांवर मी पाहत होते तितक्या वेळात एकदाही आलं नाही. पंखा मात्र दिवसभर हलत होता.

पुढच्या आठवड्यात मला कळमनुरीकडे एका नात्यातल्या घरी जायचं होतं. तिथे शेजारच्या बाईंच्या घरावर पाहिलं, पत्र्याच्या कडेकडेने काळे दगड मांडलेले. डोक्यात पडला तर मोठा माणूसही वाचणार नाही असे. खाली, बरोबर त्या कडेखाली, नातवाची झोळी. मी त्यांना दगड काढायला सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘बाई, दगड काढले तर वळवाच्या वाऱ्यानं पत्रे जातेत, ठेवले तर डोक्यात पडतेत. तुमीच सांगा काय करू?’

याचं उत्तर आहे. पत्रा खालच्या लोखंडी अँगलला किंवा लाकडी वाशाला हूक आणि नट-बोल्टने आवळायचा आणि तो वासा भिंतीत नीट धरलेला पाहिजे. म्हणजे वाऱ्याने पत्रा उडत नाही आणि दगडाची गरज उरत नाही. पण हूक किती लागतील, तालुक्याच्या दुकानात काय भावाने मिळतात, मजुरी किती, आणि ज्यांना तेवढेही पैसे नाहीत त्यांच्यासाठी पंचायत समितीकडे एखादी योजना आहे का, हे त्या बाईंना कोण सांगणार? मला वाटतं, तुम्ही. त्यासाठी मोठा खर्च नको, दिल्लीहून तज्ज्ञ नको. तालुक्याच्या गवंड्याला आणि पत्रे बसवणाऱ्याला कॅमेऱ्यासमोर उभं करा, पाच मिनिटांत तो करून दाखवेल. झोळी दुसरीकडे बांधा, एवढं तर निवेदकानेही सांगता येईल. त्या दिवशी ती आम्ही दोघींनी मिळून आतल्या तुळईला बांधली. दगड तसेच राहिले.

दुसरी बाब, धक्क्याच्या वेळी काय करायचं याची. तुमच्याकडे दरवेळी तेच एक चित्र दाखवतात. माणूस जेवणाच्या टेबलाखाली शिरतो आणि टेबलाचा पाय धरतो. नांदेड शहरातल्या पक्क्या इमारतीत ते बरोबर आहे. तिथे जिन्याकडे धावणं आणि लिफ्ट पकडणं हाच मोठा धोका असतो. पण वसमत, औंढा, कळमनुरीच्या खेड्यात टेबल आहे कुणाकडे? दगडमातीच्या, वर वजन असलेल्या घरात दाराजवळ असाल तर चटकन मोकळ्यावर जा, आणि गेल्यावर भिंतीच्या आडोशाला उभे राहू नका, असं जाणकार सांगतात. खाट भिंतीला लावून ठेवू नका, डोक्यावरच्या फळीवर हंडे-कळशा रचू नका, देवळीत जड वस्तू ठेवू नका. ही माहिती आमच्या घरांना लागू पडणारी आहे. मुंबईत बसलेल्या माणसाला ती सुचणार नाही, त्याचा दोष नाही. पण तुमचे जिल्हा प्रतिनिधी अशाच घरांत वाढलेले आहेत. त्यांना विचारा.

पळण्याबद्दलही बोलायला हवं. फेब्रुवारी २०१९ मध्ये डहाणूकडे ४.१ चा धक्का बसला तेव्हा घाबरून बाहेर पळताना पडून एका चिमुकलीचा जीव गेला. घर पडलं नव्हतं. एवढ्या तीव्रतेत सहसा पडतही नाही. म्हणजे भीतीनेही माणूस मरतो आणि ती भीती तुमच्या पट्टीवरच्या शब्दांनी वाढते किंवा उतरते. ‘धरणी फाटली’, ‘मृत्यूचं तांडव’ असले शब्द पंखा हलण्याच्या बातमीला लावू नका, एवढी माझी विनंती आहे.

आणि भाकितं. जुलैच्या त्या दुपारपर्यंत आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात एक संदेश येऊन पडला होता की रात्री तीन वाजता पुन्हा मोठा धक्का येणार. खाली कुठल्याशा वाहिनीच्या पडद्याचा फोटो चिकटवलेला. खरा की बनवलेला, देव जाणे. दोन म्हाताऱ्या जोडप्यांनी ती रात्र गाडीत काढली. २०२३ मध्ये तुर्कस्तानच्या भूकंपानंतर एका परदेशी गृहस्थाचं ग्रहांवरून केलेलं भाकीत भारतातही भरपूर चाललं होतं, ‘आता भारताचा नंबर’ म्हणून. ते चालवणाऱ्यांत मराठी माध्यमंही होती हे सांगायला मला वाईट वाटतं. तारीख-वेळ सांगणारा कुणीही असो, त्याला पडदा देऊ नका. आणि अशी अफवा गावात फिरते आहे असं कळलं की त्याच तासाला ती खोटी आहे हे सांगा. दुसऱ्या दिवशीच्या अंकात ‘फॅक्ट चेक’ म्हणून नको. रात्र तोपर्यंत गेलेली असते.

आकड्यांबद्दल थोडंसंच. दिल्लीचं राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र पहिला आकडा काही मिनिटांत देतं, तो नंतर थोडाफार बदलू शकतो. दुसऱ्या संस्थेचा आकडा वेगळा येऊ शकतो, त्यात कुणी काही लपवत नसतं. खोली १० किलोमीटर अशी जी बातमीत येते, ती बऱ्याचदा सुरुवातीला गृहीत धरलेली असते. आणि त्या केंद्राचं ‘भूकंप’ नावाचं ॲप आहे, ते कुणालाही घेता येतं. ते नाव पट्टीवर द्या, लोकांना अफवांपेक्षा बरी जागा मिळेल.

वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांबद्दल मला जरा जास्त सांगायचं आहे. तिथले लोक कित्येक वर्षांपासून जमिनीतून आवाज येतो म्हणून सांगत आहेत. त्याची बातमी तुम्ही नेहमी एकाच पद्धतीने देता, ‘गूढ आवाजाने गाव हादरलं’. गूढ म्हटलं की त्यात बघण्याची गंमत येते आणि माणसं मागे पडतात. उथळ, लहान भूकंपाचा आवाज ऐकू येणं यात गूढ काही नाही. किल्लारीच्या लोकांनीही १९९२ मध्ये तो ऐकला होता, कोयनेकाठचे लोक तर ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाच्या आधीपासून ऐकत आले आहेत. त्या गावांत जाऊन विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. शाळेच्या खोल्यांची पाहणी झाली का? कुणी केली? अहवाल ग्रामपंचायतीत लावला आहे का? अंगणवाडी कुठल्या इमारतीत भरते? आवाज आला की तलाठ्याकडे नोंद कशी करायची? ज्या घरांच्या भिंतींना पोट सुटलंय, ती कुणी पाहून ठेवली आहेत का? हे प्रश्न एका गावात नीट विचारले गेले आणि त्यांची उत्तरं छापून आली, तर पुढच्या गावातला ग्रामसेवक आपोआप कामाला लागतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एवढं नक्की पाहिलं आहे की जिल्हा पानावरच्या चार ओळींना तहसीलमध्ये किंमत असते.

किल्लारीनंतर सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने गावं उठवून नवी बसवली, ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. त्याच कार्यक्रमात आणखी एक काम झालं होतं, ज्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. ज्या गावांची घरं पडली नव्हती पण खिळखिळी झाली होती, तिथे घरं न पाडता मजबूत करायची. भिंतीला छिद्र पाडून आरपार काँक्रीटचा बांध घालायचा, वरून काँक्रीटचा पट्टा फिरवायचा, माळवदावरची माती कमी करायची, खांबाला तिरके आधार द्यायचे. गावोगावच्या गवंड्यांना शिकवून हे करून घेतलं होतं. म्हणजे आमच्या मातीतल्या घरांचं काय करायचं याचं ज्ञान आमच्याच जिल्ह्यांत तीस वर्षांपासून आहे. त्यातले काही गवंडी आज म्हातारे झाले असतील, काही असतीलही हात धरून शिकवणारे. औसा, निलंगा, उमरगा, लोहारा या तालुक्यांत त्यांना शोधा. त्यांना हिंगोलीला घेऊन जा. त्यांनी एक भिंत दुरुस्त करून दाखवली तर ती बातमी मी दहा वेळा पाहीन.

आपण १९९३ मधली आपली, म्हणजे लोकांची, वागणूकही विसरू नये. लातूरहून औशाकडे जाणारा रस्ता त्या दिवसांत मी पाहिला आहे. मदतीच्या गाड्या अडकल्या होत्या, कारण बघायला आलेल्यांच्या जीप, मोटारसायकली, ट्रॅक्टर पुढे उभे होते. पाऊस पडत होता. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला भिजत पडले होते, कारण एवढे कपडे कुणाला नकोच होते. देणाऱ्यांचं मन चांगलं होतं. काय पाहिजे आणि काय नको हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा दूरदर्शन, आकाशवाणी आणि सकाळचा पेपर एवढंच होतं. आज प्रत्येकाच्या खिशात तुम्ही आहात. उद्या कुठेही खरंच मोठं काही झालं, तर पहिल्या तासात ‘तिकडे जाऊ नका, रस्ता मोकळा ठेवा, अमुक पाठवा, तमुक पाठवू नका’ हे तुम्ही सांगू शकता. त्याची तयारी आजच न्यूजरूममध्ये एका कागदावर लिहून ठेवता येईल.

दर ३० सप्टेंबरला तुम्ही किल्लारीची आठवण काढता. स्मृतिस्तंभ, हार, जुने फोटो, वाचलेल्यांच्या मुलाखती. ते करा, आम्हाला ते हवं असतं. पण या वेळी त्या दिवसाचं निम्मं पान आणि निम्मी वेळ हिंगोली, नांदेड, परभणीच्या घरांना द्या. जुन्या शाळाखोल्यांची यादी जिल्हा परिषदेकडून मागवा आणि छापा. कळमनुरी आणि वसमतमधल्या एखाद्या गावात दिवसभर थांबा, घराघरावरचे पत्रे आणि त्यावरचे दगड पाहा, मग जिल्हाधिकाऱ्यांना विचारा की मार्चमध्ये केलेल्या आवाहनाचं पुढे काय झालं.

हेच पत्र मी हिंगोली, नांदेड आणि परभणीतल्या तुमच्या जिल्हा प्रतिनिधींनाही वेगळं पाठवत आहे. सोबत ज्या गावांत मला स्वतःला पोट सुटलेल्या भिंती दिसल्या, त्या गावांची नावं दिली आहेत. त्यांना कुणाला सोबत यायला हवं असेल तर मी येईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
नांदेड